बंगळूरचे सण आणि बुजलेली तळी



गेल्या भागात आपण शहाजीराजांच्या बंगळूरबद्दल बोललो. आज त्याच गावाच्या सणांबद्दल बोलायचं आहे. पण कुठल्या सणाला काय खातात आणि काय नेसतात, हे मी सांगत बसणार नाही. ते तुम्हाला शंभर ठिकाणी वाचायला मिळेल. मला यात इतिहासाचा एक प्रश्न दिसतो. ज्या शहराने आपली तळी बुजवली, शेतं विकली, तट पाडले आणि वेशी मोडल्या, त्याचा जुना नकाशा आज कुठे बघायचा? कागदावर तो आहेच. जमिनीवर मात्र तो वर्षातले मोजके दिवसच दिसतो, आणि ते दिवस सणाचे असतात.

फौजेत नकाशा वाचायला शिकवतात तेव्हा आधी पाणी शोधायला सांगतात. पाणी कळलं की वस्ती कुठे असेल, रस्ता कुठून गेला असेल, शेती कुठे असेल, हे बरंचसं आपोआप कळतं. बंगळूरला ही रीत लावून बघा. या गावाला नदी नाही. समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर, एका लांबट उंचवट्याच्या पाठीवर ते बसलंय. पाऊस पडला की पाणी दोन्ही अंगांनी उतरून जातं. पश्चिमेकडचं अर्कावतीतून कावेरीला मिळतं, पूर्वेकडचं दक्षिण पिनाकिनीकडे जातं. अशा जागी गाव वसवायचं तर उतारावर बांध घालून पाणी अडवणं एवढाच मार्ग असतो. १५३७ साली पहिल्या केंपेगौडाने गाव वसवलं तेव्हा त्याने आणि त्याच्या वारसांनी तेच केलं. कन्नडमध्ये अशा तळ्याला 'केरे' म्हणतात. एका केरेचं ओसंडलेलं पाणी खालच्या केरेत, तिचं त्याच्या खालच्या केरेत, अशी साखळीच असे.

आता या केरे आज कुठे आहेत ते ऐका. पुण्या-मुंबईहून किंवा कोल्हापूर-बेळगावहून बसने येणारे आपण जिथे उतरतो ते मॅजेस्टिक, म्हणजे केंपेगौडा बसस्थानक, धर्मांबुधी तळ्याच्या पोटात आहे. फुलं-भाजी घ्यायला आपण ज्या के. आर. मार्केटला जातो, ते १९२१ साली उभं राहिलं. त्या जागी पूर्वी सिद्दीकट्टे नावाचं तळं होतं. कंठीरव स्टेडियम संपंगी तळ्यात आहे. शुले तळ्यावर फुटबॉलचं स्टेडियम झालं आणि अक्कितिम्मनहळ्ळीच्या तळ्यावर हॉकीचं. बंगळूरकरांनी एवढी तळी बुजवून एवढी मैदानं केली, त्या मानाने ऑलिंपिकमध्ये काही हाती लागलं नाही, असं मी थट्टेने म्हणतो. पण त्यात हसण्यासारखं फारसं काही नाही.

हे का झालं याचं कारण साधं आहे. १८९४ च्या सुमारास हेसरघट्ट्याच्या तलावातून नळाने पाणी आणायची योजना झाली. पुढे १९३३ मध्ये तिप्पगोंडनहळ्ळीचं धरण आलं आणि १९७४ पासून कावेरीचं पाणी. नळाला पाणी आलं की घराजवळच्या तळ्याची गरज संपते. गरज संपली की त्याची निगा जाते, मग डास होतात, मग "ही घाण बुजवा" अशी मागणी होते आणि शेवटी तिथे सपाट, फुकट, मोक्याची जमीन मिळते. कोणी एकाने हे मुद्दाम घडवलं असं मी म्हणणार नाही. पन्नास-साठ वर्षांत टप्प्याटप्प्याने झालं.

पण कंठीरव स्टेडियमच्या अंगाला आजही एक छोटंसं, बांधीव कुंड आहे. पाच लाख चौरस फूट मिळाले असते तरी हरकत नसलेल्या माणसांनी हे एवढंसं पाणी का सोडलं? करग्यासाठी.

करगा म्हणजे काय, ते महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी थोडं सांगावं लागेल. बंगळूरच्या जुन्या पेठेत, नगरथपेट-तिगळरपेट भागात धर्मरायस्वामींचं देऊळ आहे. धर्मराय म्हणजे युधिष्ठिर. पांडवांची देवळं आपल्याकडे फारशी दिसत नाहीत. इथे मुख्य मान मात्र द्रौपदीचा. चैत्र शुद्ध पक्षात उत्सव सुरू होतो आणि चैत्री पौर्णिमेच्या रात्री, मध्यरात्र उलटल्यावर, देवळातून करगा बाहेर पडतो. करगा म्हणजे मातीचा घट, त्यावर मोगऱ्याच्या फुलांचा उंच निमुळता मनोरा. तो डोक्यावर घेणारा पुजारी पुरुष असतो, पण वेश बाईचा: साडी, चोळी, हातभर बांगड्या, गळ्यात मंगळसूत्र. त्या रात्री तो द्रौपदी असतो. घटाला हात लावायचा नाही. हात लावायचा नाही आणि चालायचंही नाही, तर जवळजवळ नाचत, पळत जायचं. भोवती उघड्या अंगाचे, डोक्याला पागोटं बांधलेले, हातात नंगी तलवार घेतलेले वीरकुमार असतात. "गोविंदा, गोविंदा" हा गजर चालू असतो. करगा डोक्यावरून पडला तर पुजाऱ्याला तिथेच कापायचं, अशी वीरकुमारांची आण आहे असं सांगतात.

कथा अशी आहे की महाभारताच्या शेवटी, पांडव स्वर्गाच्या वाटेवर असताना, द्रौपदी मागे राहिली आणि तिला तिमिरासुर नावाच्या राक्षसाने गाठलं. तिने आदिशक्तीचं रूप घेऊन वीरकुमारांची फौज उभी केली आणि त्याला मारलं. फौज म्हणाली, आम्हाला सोडून जाऊ नकोस. तेव्हा तिने वचन दिलं की दर वर्षी पहिल्या महिन्याच्या पौर्णिमेला मी येईन. व्यासांच्या ग्रंथात ही गोष्ट नाही. पण सेनापतीने सैनिकांना दिलेलं वचन पाळण्यासाठी वर्षातून एकदा परत यायचं, ही कल्पना मला फार आवडते. त्यामागे माझ्या जुन्या धंद्याचा पक्षपात असेल, तो तुम्ही वजा करून घ्या.

हा उत्सव ज्यांचा, ते तिगळ लोक. ते स्वतःला वह्निकुल क्षत्रिय म्हणवतात. हा समाज मूळ तमिळ मुलखाशी नातं सांगणारा, आणि धंदा मळेकऱ्यांचा: भाजी, फळं, फुलं. इथे मराठी वाचकाच्या ओळखीचं एक नाव येतं. आल्फ हिल्टेबाइटेल या अमेरिकन अभ्यासकाने द्रौपदीच्या उपासनेवर मोठं काम केलं. १९८८ साली त्याचा पहिला खंड आला. द्रौपदीला देवी मानून पूजणाऱ्या परंपरेचं केंद्र तो जिंजीच्या परिसरात दाखवतो. होय, तीच जिंजी. शिवाजी महाराजांनी १६७७ मध्ये घेतलेली आणि पुढे राजाराम महाराजांनी जिच्या आधाराने मोगलांना वर्षानुवर्षं झुंजवलं ती. आपण जिंजीकडे किल्ला म्हणून बघतो. त्या किल्ल्याच्या पायथ्याशी राहणारे शेतकरी कुठल्या देवीला नवस करत होते, हे आपल्या बखरींना सांगावंसं वाटलं नाही. करगा बघताना ती बाजू समोर येते.

आता करग्याचा मार्ग पाहा. माझ्या दृष्टीने खरा इतिहास तिथे आहे. तो नगरथपेट, हलसूरपेट, कब्बनपेट, अव्हेन्यू रोड, मार्केट, कॉटनपेट असा जातो. ही नावं नुसती एकापुढे एक मांडली तरी जुनं गाव उभं राहतं. कन्नड 'पेटे' म्हणजे आपली पेठ. चिकपेट ही धाकटी पेठ आणि दोड्डपेटे थोरली. या थोरल्या पेठेच्या रस्त्याला इंग्रजांनी अव्हेन्यू रोड नाव दिलं. १७९१ च्या मार्चमध्ये कॉर्नवॉलिस चालून आला तेव्हा या पेठेभोवती खंदक आणि काटेरी झाडांचं दाट कुंपण होतं. ७ मार्चला पेठ पडली, २१ मार्चच्या रात्री दक्षिणेकडचा किल्ला पडला आणि किल्लेदार बहादुरखान लढताना मारला गेला. आज कुंपण नाही, खंदक नाही, किल्ल्याचाही एक तुकडाच उरलाय. पण करगा त्या कुंपणाच्या आतच फिरतो. कोरमंगल, इंदिरानगर, व्हाइटफील्ड ही आजची श्रीमंत वस्ती त्याच्या हिशेबात नाहीच. करग्याच्या लेखी बंगळूर अजून तेवढंच आहे.

त्या वाटेवर कॉटनपेटला हजरत तवक्कल मस्तान यांचा दर्गा लागतो. ते अठराव्या शतकातले सूफी. करगा तिथे थांबतो, मान देतो-घेतो आणि पुढे जातो. २०२२ साली राज्यातलं वातावरण तापलेलं असताना करग्याने दर्ग्यात जाऊ नये अशी मागणी झाली. देवस्थानच्या लोकांनी ठरलेली वाट बदलली नाही आणि दर्ग्याच्या लोकांनी आमंत्रण दिलं. मला यात मोठेपणाच्या भाषणापेक्षा एक व्यावहारिक शहाणपण दिसतं. ज्या उत्सवाचा सगळा जीव वाटेत आहे, त्याची वाट एकदा बदलली की ती कोणीही, कोणत्याही कारणाने बदलू शकतो.

संपंगी तळ्याकडे परत येऊ. तिगळांचे मळे या तळ्याच्या पाण्यावर होते. करग्याचे आधीचे विधी, विशेषतः पौर्णिमेआधीचा 'हसी करगा', हे या पाण्याशी जोडलेले. 'हसी' म्हणजे ओला, कच्चा. मळेकऱ्यांचा उत्सव तळ्याच्या काठी सुरू होणार यात नवल काय? चैत्र म्हणजे उन्हाळ्याचं तोंड, तळं उतरू लागतं, पुढचे दोन महिने कसे काढायचे याची काळजी. अशा वेळी ओल्या मातीचा घट डोक्यावर घेऊन मालकीण गावभर फिरून येते. याचा अर्थ मळेकऱ्याला समजावून सांगावा लागत नाही.

तळं बुजलं, पण विधीपुरतं कुंड ठेवलं. सणामुळे निसर्ग वाचला असं म्हणून लोक आनंदून जातात, आणि इथे मी त्यांच्याशी सहमत नाही. सणाने त्याच्या गरजेपुरतं पाणी वाचवलं. मळे वाचले नाहीत. मळेकऱ्यांचा धंदा वाचला नाही. तिगळांच्या पुढच्या पिढ्या नोकऱ्यांत, दुकानांत, रिअल इस्टेटमध्ये गेल्या. देवीला तिचं कुंड मिळालं, भक्ताला त्याची विहीर मिळाली नाही. धर्माच्या नावाने मागितलेलं आपल्या देशात पटकन मिळतं आणि पोटाच्या नावाने मागितलेलं फायलीत पडून राहतं, हे या कुंडाशेजारी उभं राहिल्यावर लख्ख दिसतं. तरीही कुंड आहे ते बरंच आहे. ते नसतं तर इथे तळं होतं हे स्टेडियममध्ये धावणाऱ्या पोरांना सांगून खरं वाटलं नसतं.

कोविडच्या दोन वर्षांत, २०२० आणि २०२१ मध्ये, करगा मोजक्या माणसांत आणि देवळाच्या आवारात झाला. म्हणजे घट होता, पुजारी होता, विधी झाले, रस्ता नव्हता. २०२२ ला लोक ज्या संख्येने रस्त्यावर आले त्यावरून काय चुकल्यासारखं झालं होतं ते कळतं.

शहराने गाव गिळलं तरी गावाची जत्रा गिळता येत नाही, हे बंगळूरपुरतंच नाही. स्पेनच्या कॅटलोनिया प्रांतातलं बार्सिलोना घ्या. आपल्याला कॅटलोनिया माहीत असतं ते माणसांवर माणसं चढवून केलेल्या मनोऱ्यांमुळे, कारण व्हिडिओ बघताना दहीहंडी आठवते. पण त्या शहरात ग्रासिया नावाचा भाग आहे. तो १८९७ पर्यंत वेगळं गाव होता, मग बार्सिलोनात विलीन झाला. आज सव्वाशे वर्षांनंतरही ऑगस्टच्या मध्यात ग्रासियाची स्वतःची जत्रा होते, गल्ल्यागल्ल्यांतले शेजारी मिळून आपापली गल्ली सजवतात. नगरपालिकेच्या नकाशावर गाव संपलं, पण ऑगस्टमध्ये त्याची हद्द पुन्हा दिसते. त्याच बार्सिलोनात २३ एप्रिलला सांत जोर्दीच्या दिवशी लोक एकमेकांना गुलाब आणि पुस्तक देतात. बघणाऱ्याला वाटतं ही शतकानुशतकांची चाल असेल. गुलाबाचं जुनं आहे. पुस्तकाचा दिवस १९२६ साली सुरू झाला, तोही ऑक्टोबरात, आणि १९३० मध्ये एप्रिलला नेला. २०२४ मध्ये चैत्री पौर्णिमा नेमकी २३ एप्रिलला होती. तिकडे दिवसभर गुलाब विकले गेले आणि इकडे रात्री मोगरा नाचला. त्याच पौर्णिमेला आपल्या वाडी रत्नागिरीला जोतिबाच्या डोंगरावर सासनकाठ्या नाचतात हे तुम्ही विसरला नसालच.

परंपरा किती जुनी, हा प्रश्न बंगळूरच्या दुसऱ्या मोठ्या जत्रेत फार मजेशीर होतो. ती म्हणजे बसवनगुडीची कडलेकाई परिषे, भुईमुगाच्या शेंगांची जत्रा. कार्तिक महिन्याच्या शेवटच्या सोमवारी बुल टेंपल रोडच्या दोन्ही बाजूंना शेंगांचे ढीग लागतात. कच्च्या, भाजलेल्या, उकडलेल्या, तीन दाण्यांच्या, लाल सालीच्या. कोलार, चिक्कबळ्ळापूर, मागडी, आणि तमिळनाडूतल्या कृष्णगिरी-धर्मपुरीकडूनही शेतकरी आणि व्यापारी येतात. कन्नड लोक शेंगदाण्याला गरिबांचा बदाम म्हणतात. आधी शेंगा दोड्ड गणपतीला आणि मोठ्या बसवाला, म्हणजे एकाच दगडातल्या त्या भल्याथोरल्या नंदीला, आणि मग घरी.

गोष्ट अशी सांगतात: सुंकेनहळ्ळी, गवीपूर, मावळ्ळी या गावांत भुईमुगाची शेतं होती. रोज रात्री एक बैल येऊन पीक खाऊन जाई. शेतकरी दबा धरून बसले, बैलामागे धावले, तर तो टेकडीवर जाऊन दगड झाला. दगड झाला तो झाला, वर वाढतच राहिला. मग त्याच्या माथ्यावर खिळा ठोकून वाढ थांबवली आणि दर वर्षी पहिलं पीक वाहायचं कबूल केलं. मंदिर केंपेगौडाने बांधलं असं सांगतात.

गोष्ट गोड आहे, पण भुईमूग मूळचा दक्षिण अमेरिकेचा. तो समुद्रावरच्या व्यापारातून युरोपीय लोकांमार्फत इकडे पोचला. १५३७ साली गाव वसत असताना इथल्या शेतकऱ्याच्या रानात भुईमूग इतका माजला होता की बैलाची राखण करावी लागे, यावर माझा विश्वास बसत नाही. मग काय झालं असेल? शब्दच ऐका. कन्नडमध्ये 'कडले' म्हणजे हरभरा. नवीन आलेल्या शेंगेला लोकांनी ओळखीच्या धान्याचं नाव जोडलं. आपणही तेच केलं. भुईत येणारा मूग तो भुईमूग. दोन्ही भाषांनी परक्या पाहुण्याला घरातल्या नातेवाइकाच्या नावाने हाक मारली. माझा अंदाज असा की जत्रा आणि बैल जुने असतील, त्या बैलाने खाल्लेलं पीक मात्र मधल्या काळात बदललं. कडल्याचा कडलेकाई झाला आणि कोणाच्या लक्षातही आलं नाही. हा अंदाज आहे, पुरावा नव्हे. पण यामुळे जत्रेचं मोल कमी होतं असं मला वाटत नाही. हंगामाचं पहिलं पीक घेऊन जायची सवय पिकाहून जुनी असते.

आज बसवनगुडीत शेत म्हणाल तर कुंडीतलं. हे उपनगर १८९८ च्या प्लेगनंतर आखलं गेलं. पेठेतली दाट वस्ती फोडून माणसं मोकळ्या हवेत न्यायची म्हणून दक्षिणेला बसवनगुडी आणि उत्तरेला मल्लेश्वरम् अशी दोन वसाहतींची आखणी झाली. जत्रा प्लेगच्या आधीची, म्हणजे घरं जत्रेत येऊन बसली, जत्रा घरांत नाही. दर कार्तिकात वाहतुकीच्या नावाने तक्रार करणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं.

आणि त्या बैलाच्या पायापाशी एक नदी उगम पावते असं मानतात: वृषभावती. नाव बैलावरूनच. ही नदी पुढे केंगेरीवरून जाऊन अर्कावतीला मिळते. आज तिच्यात शहराचं सांडपाणी वाहतं. म्हैसूरला जाताना केंगेरीजवळ गाडीच्या काचा वर कराव्या लागतात, त्या हिच्यामुळे. वरच्या टेकडीवर बैलाला शेंगा वाहायला लाखांची गर्दी आणि खाली त्याच्या नावाच्या नदीची ही दशा. संपंगीला निदान विधीपुरतं पाणी लागत होतं. वृषभावतीच्या पाण्याची गरज असणारा मोठा विधी उरला नाही, म्हणून तिच्यासाठी कोणी रस्ता अडवत नाही.

जवळच गवी गंगाधरेश्वर आहे, गुहेतलं शिवालय. मकर संक्रांतीच्या संध्याकाळी मावळतीचं ऊन नंदीच्या शिंगांमधून जाऊन पिंडीवर पडतं, ते बघायला रांगा लागतात. थॉमस आणि विल्यम डॅनियल या चित्रकार काका-पुतण्यांनी १७९२ मध्ये या देवळाची चित्रं काढली. ती पाहिली तर आवारात नंतर किती बांधकाम झालं ते कळतं. उन्हाची वाट भिंतींनी बदलते, हे त्या बांधकामाच्या वेळी कोणी ध्यानात घेतलं की नाही, कोण जाणे. संक्रांतीला इथे 'एळ्ळु-बेल्ला' वाटतात. एळ्ळु म्हणजे तीळ, बेल्ला म्हणजे गूळ, आणि खाऊन चांगलं बोला हे सांगणंही आपल्यासारखंच. यात कोणी कोणाचं घेतलं हा वाद घालू नये. महाराष्ट्र आणि कर्नाटक दोघेही शालिवाहन शक आणि अमावास्येला संपणारा महिना मानतात, त्यामुळे पाडवा-युगादीपासून सगळी गाडी एकाच रुळावर चालते. फरक बारीक असतात. भाद्रपद तृतीयेला आपल्याकडे हरितालिका, तर इथे त्याच दिवशी स्वर्णगौरी घरी येते आणि दुसऱ्या दिवशी गणपती. म्हणजे इथे आई आधी, मुलगा नंतर. आपल्याकडे गौरी गणपतीच्या मागून, अनुराधा नक्षत्रावर येतात. आमच्या सोसायटीत दर वर्षी मराठी आणि कन्नड बायकांमध्ये यावर चर्चा होते. मी त्या वेळी फिरायला जातो.

गणपतीवरून पुन्हा पाणी आलंच. १९६२ साली श्री विद्यारण्य युवक संघाने बंगळूर गणेश उत्सव सुरू केला. तो गाण्याच्या बैठकींसाठी नावाजला गेला, आणि सार्वजनिक गणपती गल्लोगल्ली झाले. विसर्जनाला उरलेली तळी म्हणजे हलसूर, यडियूर, सँकी टँक. हे सँकी टँक मद्रास इंजिनिअर्सचे कर्नल रिचर्ड सँकी यांनी १८८२ मध्ये बांधून घेतलं. तळ्यांची दशा बघून आता त्यांच्या कडेला वेगळी 'कल्याणी', म्हणजे बांधीव कुंडं केली आहेत आणि मूर्ती तिथे सोडतात. पुन्हा तोच तोडगा! सणाला एक कुंड वेगळं काढून द्यायचं. इथे मात्र कुंडामुळे बाकीचं तळं वाचतं, एवढा फरक आहे, आणि तो लहान नाही.

मल्लेश्वरम् हे नाव ज्या देवळावरून पडलं, ते काडु मल्लेश्वर आपल्या दृष्टीने महत्त्वाचं. 'काडु' म्हणजे रान. रानातला मल्लेश्वर. तिथे १६६९ चा शिलालेख आहे. शहाजीराजांचे पुत्र एकोजीराजे, म्हणजेच व्यंकोजी, यांनी मेडरनिंगनहळ्ळी हे गाव या देवाला लावून दिल्याची त्यात नोंद आहे. गेल्या भागात सांगितलं होतं तसं, १६३८ मध्ये आदिलशाहीतर्फे बंगळूर घेतल्यावर ते शहाजीराजांकडे जहागिरीत आलं. जयराम पिंड्ये यांच्या 'राधामाधवविलासचंपू'त त्या दरबारातले नाना भाषांचे कवी भेटतात. पुढे एकोजी तंजावरला गेले आणि बंगळूर चिक्कदेवराज वोडेयरांना तीन लाख रुपयांना देण्याचा व्यवहार ठरला. मध्येच १६८७ मध्ये मोगल सरदार कासिमखानाने ते घेतलं आणि शेवटी ते चिक्कदेवराजांकडेच गेलं. इथली मराठी सत्ता अशी पन्नासेक वर्षांची. तिचा वाडा नाही, दरवाजा नाही. रानातल्या देवाला दिलेलं इनाम आहे, आणि त्या देवाचे सोमवार अजून पाळले जातात. अलीकडे तिथेही कार्तिकात शेंगांची जत्रा भरू लागली आहे. एकोजीराजांना भुईमूग माहीत होता का, हा प्रश्न मी तुमच्यावर सोडतो.

आणि मराठी माणूस फक्त शिलालेखात नाही. भावसार क्षत्रिय, नामदेव शिंपी, मराठा अशी मराठी घरं बंगळूरच्या जुन्या भागात पिढ्यानपिढ्या आहेत. त्यांची मराठी कन्नड शब्दांनी भरलेली असते. पुण्याचा माणूस ती ऐकून हसतो, आणि ते मला आवडत नाही. १९५० साली याच शहरात अशाच एका मराठी घरात जन्मलेला शिवाजीराव गायकवाड बस कंडक्टर होता, पुढे मद्रासला जाऊन रजनीकांत झाला. ही माणसं बाहेरून उत्सव 'बघायला' आलेली नाहीत. पेठेत राहणाऱ्याला करग्यासाठी कुठे जावं लागत नाही, रात्री तोच आपल्या गल्लीत येतो.

ज्यांना जायचं आहे त्यांच्यासाठी थोडं कामाचं. करग्याच्या रात्री पेठेत गाडी नेऊ नका, मॅजेस्टिक किंवा चिकपेटला मेट्रोने उतरा. लवकर जाऊन देवळाच्या तोंडाशी चेंगरण्यापेक्षा अव्हेन्यू रोडच्या एखाद्या कोपऱ्यावर थांबा. करगा कधी येईल हे कोणी नक्की सांगत नाही, दोनला येईल म्हणतात आणि साडेचारला येतो. जवळ आला की आधी घंटेचा नाद येतो, मग मोगऱ्याचा वास, मग तलवारी. तेव्हा दोन पावलं मागे सरा, फोटोसाठी पुढे जाऊ नका. वीरकुमारांच्या हातातली पाती खरी असतात. परिषेला मात्र सोमवारच्या आदल्या संध्याकाळी जावं. माल ताजा, भाव खाली आणि शेतकऱ्याला बोलायला सवड असते. पिशवी घरून न्या. आणि कंठीरव स्टेडियमजवळचं ते कुंड कुठल्याही साध्या दिवशी बघून या. पाटी शोधू नका, रस्त्यावरच्या फुलवाल्याला "करगा कुंटे एल्लि?" एवढं विचारा.